चार महिने टेबलावर

आषाढ शुद्ध चतुर्दशीला आमच्या घरात पालेभाज्या बंद होतात, आणि गेली तीन वर्षे त्याच दिवशी पुतण्याची गाडी मैदानावरून टेबलावर येते. गाडी म्हणजे रिमोटवर धावणारी, खऱ्या वाहनाच्या एक दशांश मापाची बग्गी. मागची चाके जाड, शॉकअप उंच आणि वर पातळ प्लॅस्टिकचे कवच. ती तयार मिळत नाही. खोक्यातून सुटे भाग, स्क्रूंच्या पुड्या आणि चित्रांची पुस्तिका निघते, आणि जोडणी आपणच करावयाची असते. जोडून झाली की काम संपले असे वाटते. वस्तुतः ते तिथून सुरू होते.

या सदराच्या वाचकांपैकी काही मातांनी वर्षभरात एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे. मुलगा आधी गाडी मागतो, मग मोटर मागतो, मग बॅटरी, मग टायर. याला अंत आहे की नाही? माझा व्यवसाय बेअरिंगचा आहे. शर्यतीच्या गाड्यांचा मी जाणकार नव्हे. परंतु हाच प्रश्न माझ्या घरी उभा राहिला, काही काळ तर फार कटू रूपात उभा राहिला, म्हणून जे पाहिले ते लिहितो.

थोरल्या बंधूंची जालन्याला जिनिंग-प्रेसिंग आहे आणि घर आवारालगतच आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत ते आवार कपाशीच्या गाड्यांनी भरलेले असते. त्यानंतर मुरूम ठोकलेली ती जागा मोकळी पडते. मुलाला याहून चांगले मैदान गावात मिळाले नसते. पहिल्या वर्षी होळीनंतरच्या रविवारी गाडी प्रथम धावली. धुळीचा लोट उठला, गाडी गवताच्या पट्ट्यातून उड्या मारीत गेली, मजूर टाळ्या वाजवू लागले. आमच्या मातोश्रींनी हे सगळे गॅलरीतून पाहिले आणि संध्याकाळी नातवाला एवढेच विचारले, "बाळा, चाकाखाली काय काय येते ते तुला दिसते का?"

त्याला दिसत नव्हते, आणि तसे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. मग नियम ठरले. गवतावर गाडी न्यावयाची नाही. धावण्याआधी मार्ग मऊ झाडूने स्वतः झाडावयाचा. ते काम मजुराला सांगावयाचे नाही. सूर्यास्तानंतर नाही, कारण दिव्याभोवती किडे येतात. आणि चातुर्मासात, जमीन ओली व सजीव असताना, कार्तिकी पौर्णिमेपर्यंत मुळीच नाही. मुलगा दोन दिवस रुसला. खोक्यावरच्या चित्रात गाडी चिखल उडवीत होती, आणि दादीजी सांगत होत्या जयणा. मलाही तेव्हा वाटले होते की एवढे बंधन घातल्यावर छंदात उरले काय. पुढे कळले की मैदान झाडून घेणे हे शर्यत करणारेही करतात. सुटी खडी बाजूला गेली की चाकांची पकड प्रत्येक फेरीत सारखी राहते, आणि पकड सारखी असेल तरच गाडीत केलेल्या बदलाचा परिणाम समजतो. धूळ बसावी म्हणून तिथे पाणीही शिंपडतात. ते मात्र आमच्याकडे झाले नाही.

गाडीचे नाव ग्रासहॉपर. जपानमधील शिझुओका येथील तामिया या कंपनीची. व्यापारी वाचकांना या पेढीची कुळकथा रुचावी. १९४६ साली तो लाकूड कापण्याचा व विकण्याचा धंदा होता. पुढच्याच वर्षी लाकडी मॉडेलांचा विभाग निघाला, आणि १९५३ साली लाकूड सोडून मॉडेल हाच व्यवसाय ठरला. ग्रासहॉपर १९८४ सालची. २००५ मध्ये ती पुन्हा बाजारात आली. नवशिक्याच्या हातात पडावी आणि खिशाला झेपावी यासाठीच तिची रचना आहे, व म्हणून जिथे खर्च टाळता येईल तिथे टाळलेला आहे. मोटर लहान, ३८० मापाची. चाके बेअरिंगवर नव्हे, साध्या बुशवर फिरतात. मागचा गिअरबॉक्स आणि आस मिळून एकच ठोकळा आहे. एक चाक खड्ड्यात गेले की दुसऱ्यालाही त्याचा हिसका बसतो. आणि मागच्या बाजूला आहेत त्या नुसत्या स्प्रिंगा. त्यांत तेल नाही.

या शेवटच्या गोष्टीकडे आमचे कोणाचेच लक्ष गेले नाही. लक्ष गेले ते मोटरकडे. या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये ५४० मापाची मोटरही बसते. ३८० ची डबी सुमारे २८ मिलिमीटर व्यासाची, तर ५४० ची ३६. साध्या प्रतीची ५४० महाग नसते. मुलाने वाढदिवसाच्या पैशांतून ती मागवली आणि एका संध्याकाळी बसवली. सरळ पट्टीवर गाडी बाणासारखी गेली. घरात सर्वांना दाखवून झाले. त्यानंतर मी सहज सुचवले की पाच फेऱ्यांची वेळ मोजू. चार जुने टायर ठेवून मार्ग आखलेला होता. लहान मोटरवर पाच फेऱ्यांना १ मिनिट ५२ सेकंद लागले होते, ते त्याने पाटीवर लिहूनही ठेवले होते. मोठ्या मोटरवर सर्वांत चांगली वेळ आली १ मिनिट ५८ सेकंद. गाडी वळणावर मागून उसळे, आडवी होई, उलटे, आणि मग धावत जाऊन ती सरळ करावी लागे.

वेग वाढला आणि वेळही वाढली. मुलाला हे पटेना. त्याने घड्याळ बदलून पाहिले, दिशा बदलून पाहिली. शेवटी त्याने जो निष्कर्ष काढला तो त्याच्या वयाला साजेसाच होता: बॅटरी कमी पडते आहे.

इथे मला थोडे थांबून बॅटरीविषयी लिहावयाचे आहे. या लेखातला हा भाग वाचकांनी वगळू नये.

अशा गाड्यांत पूर्वापार चालत आलेली बॅटरी निकेल-मेटल हायड्राइडची. १.२ व्होल्टच्या सहा पेशी, एकूण ७.२ व्होल्ट. ती बऱ्यापैकी सोशिक असते. अलीकडची लिथियम-पॉलिमर, जिला मुले लिपो म्हणतात, ती हलकी असते, दाब शेवटपर्यंत टिकवते आणि प्रवाह सढळ हाताने देते. दोन पेशींची लिपो ७.४ व्होल्टची म्हणून विकली जाते. पूर्ण भरल्यावर प्रत्येक पेशी ४.२ व्होल्टवर येते. त्याच्या वर एक पाऊलही नको, आणि खाली ३ व्होल्टच्या आत तर कधीच नको. हायड्राइड बॅटरी भरली की तिचा दाब किंचित खाली येतो, आणि चार्जर ती खूण ओळखून थांबतो. लिपो अशी खूण देत नाही. म्हणून चार्जरवर हायड्राइडची निवड तशीच ठेवून लिपो लावली, तर तो त्या खुणेची वाट पाहत बॅटरी भरतच राहतो.

नेमके तेच घडले. वैशाखातली दुपार होती. मुलाने मित्राकडून आलेली लिपो जिनिंगच्या कचेरीत, खिडकीशेजारच्या टेबलावर चार्जिंगला लावली, चार्जरची निवड बदलली नाही, आणि तो जेवायला घरी गेला. कचेरीपासून वीस पावलांवर शेडमध्ये शेवटच्या गाठी पडून होत्या. जिनिंगवाल्यांना पुढचे सांगण्याची गरज नाही. रुईला लागलेली आग गाठीच्या पोटात दोन-दोन दिवस धुमसत राहते हे ज्याने एकदा पाहिले त्याला काडेपेटीचा आवाजही सहन होत नाही. आमच्या मुनीमजींना टेबलाकडून गोडसर, औषधासारखा वास आला. त्यांनी पाहिले तर बॅटरी पुरीसारखी फुगली होती. त्यांनी चार्जर बंद केला, प्लग ओढला, भट्टीचा चिमटा आणवला आणि बॅटरी बाहेर नेऊन वाळूच्या लाल बादलीत ठेवली. ती पेटली नाही. आणखी दहा मिनिटांनी काय झाले असते याची चर्चा बंधूंनी होऊ दिली नाही. त्यांनी गाडी, चार्जर आणि रिमोट उचलून कपाटात ठेवले व किल्ली स्वतःकडे घेतली.

दीड महिना घरात या विषयावर कोणी बोलले नाही. मुलगा माझ्याकडेही येईनासा झाला. बंधूंचे म्हणणे अयोग्य नव्हते. ज्याच्या हाती शेकडो गाठींची जोखीम आहे त्याने असेच करावे. पण कपाटात बंद केलेल्या वस्तूतून मुलगा काही शिकेल असेही मला वाटेना. शेवटी आषाढात, चौमासी चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, मातोश्रींनीच तोडगा काढला. गाडी चार महिने धावणार नाहीच. तर ती टेबलावर राहू द्या. बॅटरी घरात नको. काका आठवड्यातून एकदा येतील. आणि जे सामान नवे येईल त्याची मर्यादा आधी ठरवा: वर्षाला किती वेळा, किती रकमेपर्यंत, आणि सुट्या भागांचा डबा एकच, तो भरला की जुने कोणाला तरी दिल्याशिवाय नवे नाही. परिग्रह-परिमाणाचा अर्थ मुलाला त्या दिवशी व्याख्यानातून नव्हे, मिठाईच्या रिकाम्या डब्यातून कळला.

टेबलावर गाडी प्रथम पूर्ण उघडली तेव्हा मला माझे शास्त्र दिसले. मागच्या आसाभोवती, चाक आणि बुश यांच्या मधल्या फटीत, रुईचे तंतू घट्ट वळून बसले होते. जणू कोणी पेळू काततो आहे. त्यांत धूळ मिसळलेली. बुश एका बाजूने झिजून लंबगोल झाला होता, म्हणून चाक डुगडुगत होते. मोठी मोटर त्या घर्षणाशी झगडत होती, आणि आम्ही तिला आणखी बळ देऊ पाहत होतो.

या वर्गातल्या बहुतेक तामिया गाड्यांत आतून ५, बाहेरून ११ आणि रुंदीला ४ मिलिमीटर असे बेअरिंग चालते. आमच्या धंद्यात त्याला एमआर ११५ म्हणतात. ते गाडीच्याच कंपनीचे असावे लागत नाही. दोन्ही बाजूंना पत्र्याचे झाकण असलेले मिळते आणि रबरी सीलचेही मिळते. पत्र्याचे किंचित हलके फिरते. पण जिथे धूळ आणि कापूस आहे तिथे रबरी सीलच घ्यावे, हे मी तराजू न लावता सांगेन. अचूकतेच्या उच्च श्रेणीचे बेअरिंग म्हणून जे जास्त दाम मागतात त्यांना नमस्कार करावा. ही गाडी गिरणीचा स्पिंडल नव्हे. आणि एक सूचना: बेअरिंग धुतल्यावर हवेच्या नळीने ते भन्नाट फिरवण्याचा मोह मुलांना होतो. कोरडे बेअरिंग तसे फिरवल्याने खराब होते, आणि फुटले तर डोळ्याशी गाठ असते.

बेअरिंगने फेरीची वेळ फारशी सुधारत नाही हे मी आधीच सांगून ठेवले होते. त्याचा लाभ दुसरीकडे दिसतो. मोटर कमी तापते, एका चार्जिंगमध्ये गाडी जास्त वेळ चालते, आणि चाक डुगडुगत नसल्याने पुढे जे काही मोजाल ते खरे मोजले जाते.

खरा पालट झाला तो तेलाने. स्प्रिंग दाबली की ती जोर साठवते आणि सोडताच जसाच्या तसा परत देते. ग्रासहॉपरची उडी हीच, आणि नावही तेच. शॉकअपमधले तेल पिस्टनच्या बारीक छिद्रांतून जाताना तो जोर उष्णतेत खर्ची टाकते. जमेची रक्कम खर्चात गेली की चाक जमिनीवर टिकते. याच कुळातील हॉर्नेट नावाच्या गाडीचा सांगाडा ग्रासहॉपरसारखाच आहे आणि तिला मागे तेलाचे शॉकअप असतात. ती जोडी इकडे बसते. आम्ही तीच मागवली. वर्षातली पहिली खरेदी म्हणून वहीत नोंद झाली.

शॉकअप भरणे हे संयमाचे काम आहे. सिलिकॉनचे तेल काठोकाठ घालावयाचे, दांडा हळूहळू वरखाली करावयाचा, बुडबुडे वर येईपर्यंत थांबावयाचे, पुन्हा भरावयाचे. घाई केली की आत हवा राहते आणि दांडा दाबताना पचपच असा आवाज येतो. डावा आणि उजवा एकाच वेळी दाबून सोडावेत. दोन्ही सारख्याच गतीने परत आले पाहिजेत. मुलाने पहिली जोडी चार वेळा उघडली. पाचव्या वेळी दादीजींच्या सामायिकाला बसण्याच्या वेळेस तो भरून उभे करून ठेवून गेला, आणि ४८ मिनिटांनी आला तेव्हा बुडबुडे आपोआप वर आले होते. तेव्हापासून आमच्या घरात शॉकअप भरण्याचे माप एक सामायिक असे आहे.

कार्तिकी पौर्णिमा झाली, पण आवार कपाशीने भरलेले. रविवारी वजनकाट्यामागची पट्टी तेवढी मोकळी मिळे. पूर्ण मार्ग होळीनंतरच आखता आला. तेच चार टायर, तेच अंतर, मोटर ५४० चीच, बॅटरी पुन्हा साधी हायड्राइडची. पाच फेऱ्या, १ मिनिट ३७ सेकंद. एकदाही उलटली नाही. बंधू वजनकाट्याच्या दारात उभे राहून पाहत होते. ते काही बोलले नाहीत. मात्र दुसऱ्या दिवशी त्यांनी जिनिंगच्या मोटारींची उष्णता पाहण्याचे लांबून मोजणारे तापमापक स्वतः आणून दिले. (कोविडच्या काळात घरोघर आलेले कपाळाचे तापमापक इथे चालत नाही; ते माणसाच्या तापापुरतेच मोजते.) पाच मिनिटे धावल्यावर मोटरच्या डबीवर ७० अंशांच्या वर आकडा गेला तर थांबावे, हा नियम त्या दिवशी वहीत चढला.

वहीविषयी दोन शब्द. मुलाने तिला रोजमेळ असेच नाव दिले आहे, आणि ती आमच्या पेढीच्या लाल वहीतच आहे. एका ओळीत तारीख, हवा, मैदान कोरडे की दमट, टायर, तेलाचा घट्टपणा, स्प्रिंग, पिनियनचे दाते, पाच फेऱ्यांची वेळ, मोटरची उष्णता. एका वेळी एकच बदल. आणि बदलाने सुधारणा झाली असे वाटले की पुन्हा जुन्यावर जाऊन खात्री करावयाची, कारण पुष्कळदा मैदान सुधारलेले असते, हात सरावलेला असतो आणि श्रेय जाते नव्या वस्तूला. ही शेवटची अट मुलांना जड जाते. नवे बसवल्यावर जुने पुन्हा बसवणे त्यांना अपमानासारखे वाटते. आमच्या रोजमेळात अशा तीन वस्तू आहेत की ज्यांच्यापुढे "फरक नाही" असे लिहून त्या डब्यातून बाहेर गेल्या.

ग्रासहॉपरमध्ये यापुढे फारसे करण्यासारखे नव्हते. तिच्यात फिरवण्याजोगे स्क्रूच थोडे. त्याच १९८४ साली अमेरिकेत टीम असोसिएटेड या कंपनीची आरसी-१० नावाची बग्गी निघाली होती. तिचा सांगाडा ॲल्युमिनियमचा, चारही चाके स्वतंत्रपणे वरखाली होणारी, चारही शॉकअप तेलाचे. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियातील डेल मार येथे या मापाच्या विजेवरील बग्गींची पहिली जागतिक स्पर्धा झाली, आणि दोन चाकांना जोर असलेल्या वर्गात जे हॉल्सी हा तीच गाडी घेऊन जिंकला. आजच्या शर्यतीच्या बग्गी थोड्याफार फरकाने त्याच वळणाच्या आहेत. दुसऱ्या वर्षी पुतण्याला तशी एक वापरलेली गाडी पुण्याच्या एका मुलाकडून मिळाली, अर्थात ग्रासहॉपर धाकट्या चुलत भावाला दिल्यावर.

या गाडीत सगळेच फिरते. म्हणून तिथे क्रम अधिक महत्त्वाचा. टायर आधी, मैदानाला न शोभणारा टायर असेल तर बाकीचे कष्ट वाया. आमच्या कोरड्या, झाडलेल्या मुरुमावर बारीक, दाट गुठळ्यांचा नरम टायर उंच काट्यांच्या टायरपेक्षा चांगला धरतो. त्यानंतर ग्राउंड क्लिअरन्स: बॅटरीसह गाडी वीतभर उंचीवरून सपाट फरशीवर सोडावी, ती जिथे स्थिरावेल तिथे पोटाखाली मोजावे. २२ ते २४ मिलिमीटरवर आरंभ करावा, पुढे-मागे सारखा. सोडल्यावर ती उसळली तर तेल पातळ आहे. थड असा पोटाचा आवाज आला तर तेल किंवा स्प्रिंग कमी पडते. जालन्याचा उन्हाळा ४० अंशांच्या पुढे जातो आणि उष्णतेने तेल पातळ होते, म्हणून माघात जमलेले माप वैशाखात जमत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यासाठी एक पायरी घट्ट तेल असते.

कॅम्बर आणि टो हे शब्द मोटारवाल्या घरांना व्हील अलाइनमेंटमुळे ठाऊक आहेत. चाकाचा माथा आत झुकलेला एक ते दोन अंश पुरे. मागच्या चाकांचे तोंड सुमारे तीन अंश आत असते. त्याने गाडी सरळ निघते. पुढची चाके सरळ, फार तर अंशभर बाहेर. या कांड्यांना एका टोकाला सुलटे आणि दुसऱ्याला उलटे आटे असतात, त्यामुळे त्या न काढता नुसत्या फिरवून लांबी बदलते. सर्व कांड्या एकाच दिशेने बसवल्या तर पुढे दर वेळी डोके खाजवावे लागत नाही. मुलाने हे आधी केले नव्हते. एका श्रावणातली एक पूर्ण संध्याकाळ त्यात गेली.

पिनियन सर्वांत शेवटी. मोठ्या गिअरचे दाते ७८, पिनियनचे २०, म्हणजे ३.९, त्याला गिअरबॉक्सच्या आतल्या प्रमाणाने, समजा २.६ ने, गुणले की १०.१४. मोटर एवढे फेरे घेईल तेव्हा चाक एक फेरा घेईल. पिनियनला एक दाता वाढवला की वेग वाढतो आणि मोटरची उष्णताही. म्हणून एकेकच दाता, आणि प्रत्येक वेळी तापमापक. दोन गिअरच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर घट्ट करावी आणि पट्टी काढून घ्यावी. जेवढी फट राहते तेवढीच हवी असते. हे मला कोणी शिकवले नाही, मुलानेच मला शिकवले.

लिपो आता घरात आहे, पण बंधूंच्या अटींवर. चार्जर नवा, पेशींचा समतोल राखणारा. चार्जिंग घराच्या मागच्या ओट्यावर, फरशीवर, न जळणाऱ्या पिशवीत, शेजारी वाळूची बादली. जिनिंगच्या फाटकाच्या आत कदापि नाही. प्रवाह बॅटरीच्या क्षमतेएवढा, त्याहून अधिक नाही. म्हणजे साधारण तासाभराचे काम, आणि तो पूर्ण वेळ मुलाने समोर बसून काढावयाचा. तो तेव्हा रोजमेळ पुरा करतो. गाडीच्या नियंत्रकात लिपोची निवड आहे का, दाब उतरला की ते मोटर तोडते का, हे पाहूनच बॅटरी घेतली. चातुर्मासासाठी बॅटरी दर पेशीला ३.८ व्होल्टवर आणून ठेवली आहे. पूर्ण भरलेली ठेवली तर ती फुगण्याकडे जाते. जी फुगली होती ती पुन्हा कधीच वापरली नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडे दिली. मुनीमजींना मुलाने दिवाळीत एक चिमटा भेट दिला. त्यांनी तो कचेरीत लाल बादल्यांच्या वर खिळ्याला टांगला आहे.

सध्या टेबलावर गाडी पूर्ण उघडलेली आहे. मागच्या उजव्या शॉकअपमधून तेल पाझरते. दांड्याभोवतीचे रबरी कडे झिजले असावे असा मुलाचा अंदाज आहे, दांड्यालाच ओरखडा असावा असा माझा. कडे बदलले आहे. बोटाच्या नखाने दांडा तपासला तर मला काही लागत नाही, पण माझी नखे आता पूर्वीसारखी राहिली नाहीत. त्याने पांढऱ्या कागदावर शॉकअप उभा ठेवला आहे आणि कागदावर पेन्सिलीने आजची तिथी लिहिली आहे. पुढच्या रविवारी जाईन तेव्हा डाग आहे की नाही ते दिसेल.